समानतेवर वर्गात चर्चा घ्यायची आहे. मुलांची तयारी कशी करून घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा: नववीच्या वर्गात दोन आठवड्यांनी ‘समानता’ या विषयावर चर्चा घ्यायची आहे. तयारीसाठी चाळीस मिनिटांचे तीन तास हाताशी आहेत. भीती दोन्हीकडून आहे. एक तर सगळे मान खाली घालून बसतील, नाही तर भांडणं होतील. शिवाय दोनच मुलं सतत बोलतात आणि बाकीचा वर्ग त्यांना ऐकत बसतो. मुलांकडून काय करून घ्यावं?

मी सव्वीस वर्षं या वयाच्या मुलांना शिकवते आहे, आणि ही चर्चा जवळजवळ दरवर्षी घेते. आधी सल्ला सांगते, कारणं मागून. समानता म्हणजे काय हे समजावून सांगण्यात तिन्हीपैकी एकही तास घालवू नका. मुलांना ते ठाऊक असतं, निदान पेपरात लिहिण्यापुरतं तरी. तयारी करायची ती दोन गोष्टींची. पहिली, ज्यावर खरोखर वाद होऊ शकेल असा प्रश्न शोधणं. दुसरी, चर्चेत विषय वर्गातल्या कुठल्याही एका मुलाच्या अंगावर जाणार नाही याची तजवीज. पहिली जमली आणि दुसरी हुकली, तर चर्चा न घेतलेली बरी.

हे मला कुणी शिकवलं नाही. नोकरीच्या चौथ्या की पाचव्या वर्षी याच विषयावर वर्ग थंड पडला होता. कुणी बोलेना. पहिल्या बाकावर कुबड्या घेऊन येणारा एक मुलगा बसायचा. हुशार, आणि एरवी बोलका. मी त्याच्याकडे वळून म्हणाले, “तू सांग बरं, तुला काय अनुभव येतो?” मला वाटलं, मी त्याला मान दिला. सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. त्याने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि म्हणाला, “मला काही नाही वाटत, बाई.” दुसऱ्या दिवशी तो शेवटच्या बाकावर बसला, आणि वर्ष संपेपर्यंत तिथेच बसला. चर्चेसाठी मला उदाहरण हवं होतं आणि मी त्याचंच उदाहरण करून टाकलं. गणिताच्या तासाला तो गणिताचा विद्यार्थी होता, माझ्या तासाला मी त्याला कुबड्या करून टाकलं.

म्हणून पहिलं काम तासाच्या बाहेरचं. हजेरीपट समोर घ्या आणि एकेका नावावर थांबून विचार करा: या विषयात कुणाच्या घरची, शरीराची, पैशाची, जन्माची गोष्ट निघू शकते? अशी पाच-सहा नावं तरी निघतील, आणि तुम्हाला माहीत नसलेली आणखी दोन-चार असतील हे धरून चाला. त्यांतल्या ज्यांच्याशी तुमचं बोलणं आहे त्यांना मधल्या सुट्टीत, जाता-जाता, एवढंच सांगा: “पुढच्या आठवड्यात हा विषय आहे. मी तुला नाव घेऊन विचारणार नाही. बोलावंसं वाटलं तर बोल, नाही तर नको.” सहानुभूतीचा सूर लावू नका, मुलांना तो लांबून ऐकू येतो. अशा मुलांपैकी काही जण चर्चेत सगळ्यात जास्त बोलतात, हेही सांगते. सक्ती नाही हे कळलं की बोलणं सोपं होतं.

आता प्रश्नाकडे. ‘समाजात समानता असावी का?’ हा प्रश्न चार मिनिटांत संपतो. सगळे हो म्हणतात, दोन मुलं भाषण करतात, आणि तुम्ही घड्याळाकडे बघता. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींना आडव्या येतात तिथेच चर्चा होते. मी एक शिडी वापरते. परीक्षेचं उदाहरण घेते, कारण परीक्षेबद्दल प्रत्येकाला काही ना काही म्हणायचं असतं. तीन तासांचा पेपर आहे. कुणाला जास्त वेळ द्यावा?

ज्याच्या उजव्या हाताला प्लास्टर आहे त्याला? सगळे हात वर. ज्याला दिसत नाही आणि जो लेखनिकाला सांगून लिहितो त्याला? हात वर. ज्याला वाचताना अक्षरांची सरमिसळ होते, जी बाहेरून दिसत नाही, त्याला? इथे काही हात अर्धवट राहतात. ज्याची ही भाषा घरची नाही, दोन वर्षांपूर्वी शिकायला लागला, त्याला? ज्याच्या घरी काल रात्री भांडण होतं आणि झोप झाली नाही त्याला? ज्याला घरी अभ्यासाला जागाच नाही त्याला? जो मुळातच सावकाश लिहितो, बाकी काही कारण नाही, त्याला?

प्रत्येक पायरीला प्रत्येकाने वहीत फक्त हो किंवा नाही लिहायचं. बोलायचं नाही. मग विचारायचं: तुमचा शेवटचा ‘हो’ कुठल्या पायरीवर आहे, आणि त्याच्या पुढच्या पायरीला ‘नाही’ का? हा ‘का’ म्हणजेच तुमची चर्चा. एकजण लिहितो, प्लास्टर दिसतं म्हणून. त्यावर दुसरी विचारते, म्हणजे दिसत नाही ते खोटं? तिसरा म्हणतो, झोप झाली नाही हे कुणीही सांगेल. मग प्रश्न समानतेचा उरतच नाही, पुराव्याचा होतो, आणि हा फरक मुलांच्या स्वतःच्या लक्षात येतो. एका वर्षी एका मुलीने विचारलं होतं, “पेपर तीन तासांचाच का? सगळ्यांनाच चार द्या ना. ज्याचं संपलं तो जाईल.” वर्ग अवाक झाला. पेपरात आपण ज्ञान मोजतोय की वेग, हा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

शिडी पहिल्या तासाला द्या. चर्चेच्या दिवशी दुसरी शिडी लागेल, तीही तयार ठेवा. खेळाच्या संघाची निवड, वर्गातल्या कामांची वाटणी, बक्षिसाची रक्कम, काहीही चालेल. अट एवढीच की वर्गातल्या कुणाचं नाव मनात धरून ती बनवलेली नसावी. आणि हो, वर्गात सध्या कुणाच्या हाताला खरंच प्लास्टर असेल तर पहिली पायरी बदला.

शब्दांवर अर्धा तास पुरे, पण तो द्या. मराठीत ‘सारखं’, ‘समान’ आणि ‘समता’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी टाकतो आणि निम्मे वाद तिथूनच उठतात. एक मुलगा ‘सगळ्यांना सारखं द्या’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वाटप असतं. दुसरी ‘सगळे समान आहेत’ म्हणते तेव्हा तिच्या मनात माणसाची किंमत असते. दोघं तासभर भांडतात आणि एकाच बाजूला असतात. फळ्यावर चार रकाने काढा: कायदा सगळ्यांना एकच, संधी सगळ्यांना, शेवटी पदरात पडणारं सगळ्यांना सारखं, आणि वागणुकीत मान सगळ्यांना. मग मुलांना आठ-दहा वाक्यं द्या आणि कुठलं कुठल्या रकान्यात बसतं ते ठरवू द्या. ‘प्रत्येकाला एक मत.’ ‘प्रवेश परीक्षा सगळ्यांना खुली.’ ‘सफाई करणाऱ्यांना अहो-जाहो करायचं.’ काही वाक्यं दोन रकान्यांत बसतील, काही कुठेच बसणार नाहीत. त्यावर भांडू द्या, तिथे भांडण स्वस्तात होतं.

कुंपणापलीकडचा सामना बघायला तीन मुलं उंचीप्रमाणे कमी-जास्त खोक्यांवर उभी आहेत, ते चित्र तुम्ही दाखवणारच असाल. मी चर्चेच्या आधी दाखवत नाही. एक तर ते उत्तर सांगून मोकळं होतं. दुसरं, त्यात कमतरता मुलाच्या उंचीत दाखवली आहे, कुंपण मात्र निसर्गाने दिल्यासारखं उभं आहे. कुंपण कुणी घातलं, असं एखाद्या मुलाने विचारावं म्हणून मी ते चर्चा झाल्यावर दाखवते.

दुसऱ्या तासाला एक पानभर मजकूर वाचायला द्या. एकच पान. मुलांच्या हातात तथ्य नसेल तर चर्चा ‘मला वाटतं’वर सुरू होऊन ‘मला वाटतं’वर संपते. मी बहुतेक वेळा मॅरेथॉनची गोष्ट देते, कारण ती कुणाच्याच घरची नसते आणि सगळ्यांना कळते. 1928 साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची 800 मीटरची शर्यत झाली. पहिल्या आलेल्या लिना राडकेने तिथे जागतिक विक्रम केला. पण वर्तमानपत्रांनी शर्यत संपल्यावर धावपटू कशा कोसळल्या याची तिखटमीठ लावून वर्णनं छापली, आणि ती शर्यत ऑलिंपिकमधून गेली ती थेट 1960 पर्यंत. 1966 साली बॉबी गिब हिने बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला. स्त्रियांना एवढं अंतर शरीराने झेपत नाही, असं उत्तर आलं. ती सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपात लपून राहिली, गर्दीत शिरली आणि शर्यत पूर्ण केली. पुढच्या वर्षी कॅथरिन स्वित्झरने नावाची फक्त आद्याक्षरं लिहून नोंदणी केली आणि तिला 261 क्रमांक मिळाला. वाटेत एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावरचा तो क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. तीही शेवटपर्यंत धावली. बोस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला 1972 मध्ये, ऑलिंपिकने 1984 मध्ये.

या पानाखाली मी एकच प्रश्न लिहिते: नकार देणाऱ्यांचं कारण काय होतं, आणि ते त्यांना स्वतःला कसं वाटत असेल? मुलं आधी ‘ते वाईट होते’ लिहितात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की कारण काळजीचं होतं. ‘तुला झेपणार नाही, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.’ हे वाक्य प्रत्येक मुलाने आणि मुलीने कधी ना कधी ऐकलेलं असतं. इथून पुढे मला फार काही करावं लागत नाही.

वर्ग वाचनात बरा असेल तर दुसरं पानही चालतं. त्यावर तीन वाक्यं. 1776 च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं ‘सर्व पुरुष समान निर्माण झाले आहेत’ या अर्थाचं वाक्य. ते लिहिणारे जेफरसन स्वतः गुलाम बाळगून होते. मग फ्रान्सचा 1789 चा हक्कांचा जाहीरनामा, ज्यातला ‘पुरुष’ काढून ऑलिंप द गूज या फ्रेंच लेखिकेने 1791 मध्ये स्त्रियांसाठी नवा मसुदा लिहिला. 1793 मध्ये तिचा शिरच्छेद झाला. आणि 10 डिसेंबर 1948 चा संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा. त्याच्या पहिल्या कलमातही आधी अमेरिकी जाहीरनाम्यातलाच ‘men’ (पुरुष) हा इंग्रजी शब्द होता. ‘सर्व माणसे’ असा अर्थ नि:संशय निघावा म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी तो बदलण्याचा आग्रह धरला आणि तो बदलला गेला. मुलांना विचारायचं: प्रत्येक वाक्यात ‘सर्व’मध्ये कोण धरलेलं नाही? मग आपल्या वर्गाच्या नियमांत ‘सर्व’ शोधायला सांगा. एका शब्दासाठी एवढी माणसं का भांडली, हा प्रश्न तेव्हा पुस्तकी राहत नाही.

तिसरा तास बोलण्याच्या सरावाचा, आणि तो समानतेवर नको. ‘शाळा सकाळी भरावी की दुपारी’ असा बिनधोक विषय घ्या. आपल्याकडे शास्त्रचर्चेची एक जुनी शिस्त आहे: आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतक्याच ताकदीने सांगायचं, आणि मगच आपलं उत्तर. मी हाच नियम ठेवते. आधीच्या बोलणाऱ्याचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं, त्याने ‘हो, हेच म्हणालो’ म्हटलं तरच पुढे बोलायचं. पहिल्यांदा फार हसू होतं, कारण कुणी कुणाचं ऐकलेलंच नसतं. पंधरा मिनिटांत ऐकायला लागतात. फळ्याच्या कडेला काही वाक्यांची सुरुवात लिहून ठेवा: ‘तू म्हणतोस ते या बाबतीत पटतं, पण…’, ‘मला नीट कळलं का सांग…’, ‘मी आधी वेगळं म्हणालो होतो, आता…’. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मत बदलणं म्हणजे हरणं, असं या वयात वाटतंच. वाक्य आधीच फळ्यावर असलं की ते बोलायला धजावतात.

सतत बोलणाऱ्या दोघांना गप्प बसवू नका, काम द्या. एकाने फळ्यावर मुद्द्यांचा नकाशा काढायचा, दुसऱ्याने दर दहा मिनिटांनी ‘आतापर्यंत काय काय झालं’ ते सांगायचं. ते दोघं ऐकतात, आणि त्यांना महत्त्व मिळतं. बाकीच्यांसाठी दोन उपाय आहेत. प्रश्न विचारल्यावर तीन मिनिटं सगळ्यांनी लिहायचं, मग शेजाऱ्याला सांगायचं, मग वर्गात. हातात लिहिलेलं असलं की लाजरं मूलही वाचून दाखवतं. दुसरा उपाय तुमचा स्वतःचा: थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत मोजलं तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं. तो वेळ तीन सेकंदांच्या वर नेला की उत्तरं लांब होतात आणि जास्त मुलं बोलतात. वर्गात तीन सेकंद फार लांब वाटतात. मी मनात खिडकीचे गज मोजते.

एक गोष्ट करू नका, कितीही जणांनी सुचवली तरी. जेन इलियट या शिक्षिकेने 5 एप्रिल 1968 रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून उच्च-नीच ठरवून तसं वागवलं. हा प्रयोग जगभर गाजला आणि त्याच्या नकला अजून होतात. त्याचाच मवाळ प्रकार म्हणजे ‘ज्यांच्या घरी अमुक आहे त्यांनी एक पाऊल पुढे या’. यात शेवटी मागे कोण उरतं? ज्याला ते आधीच माहीत होतं. तो सगळ्यांसमोर मागे उभा राहतो आणि पुढे गेलेल्यांना धडा मिळतो. त्याच्या खर्चाने इतरांचं शिक्षण. माझ्या कुबड्यावाल्या मुलाचीच ही गोष्ट आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर.

भांडणाच्या भीतीबद्दल. चढा आवाज हा फार मोठा धोका नाही. कुणीतरी हसत-हसत एखाद्या गटाबद्दल बोललेलं वाक्य हा मोठा. ते आल्यावर सगळे तुमच्या चेहऱ्याकडे बघतात, आणि तुम्ही काय कराल हे आधी ठरलेलं नसेल तर तुम्ही एक तर ओरडता किंवा ऐकलं न ऐकल्यासारखं करता. माझं ठरलेलं वाक्य असं आहे: “थांब. तू ज्यांच्याबद्दल बोललास ते या खोलीत आहेत असं समजून तेच परत सांग.” बहुतेक वेळा मूल स्वतःच वाक्य बदलतं. नाही बदललं तर “आपण तासानंतर बोलू” आणि पुढचा मुद्दा. मात्र तासानंतर बोलायचंच. विसरलात तर पुढच्या वेळी तुमच्या वाक्याला किंमत नाही.

याच संदर्भात विचारलं जातं, शिक्षकाने स्वतःचं मत सांगावं का. मी दोन कप्पे करते. जास्त वेळ कुणाला द्यावा, बक्षीस कसं वाटावं, मागे राहिलेल्यांसाठी वेगळे नियम किती काळ असावेत, हे खुले प्रश्न आहेत. त्यांवर शहाणी माणसं वेगवेगळं म्हणतात, आणि मी माझं मत चर्चा संपेपर्यंत सांगत नाही. पण काही माणसं जन्माने कमी किमतीची असतात का, हा प्रश्न मी खुला ठेवत नाही. ‘दोन्ही बाजू ऐकू या’ असं तिथे म्हटलं तर ज्याच्या किमतीवर मतदान चाललं आहे ते मूल तिसऱ्या बाकावर बसलेलं असतं. हा फरक मुलांना पहिल्याच तासाला स्वच्छ सांगून टाका. त्यांना तो आपल्यापेक्षा लवकर पटतो.

पालकांना चार ओळींची चिठ्ठी पाठवा: विषय काय, कशासाठी, मुलांना वैयक्तिक काही विचारलं जाणार नाही. तक्रारी निम्म्याने कमी होतात.

गुण द्यायचेच असतील तर मताला देऊ नका. शेवटच्या पाच मिनिटांत एका कागदावर, नाव न घालता चाललं तरी, एवढंच लिहून घ्या: आज कुणाचा असा कुठला मुद्दा ऐकलास ज्याला तुला उत्तर देता आलं नाही? काही कागद कोरे येतील. काहींवर ‘सगळ्यांना उत्तर देता आलं’ असं असेल, ते बहुधा तुमच्या त्या दोघांचे. मागच्या वर्षी एका कागदावर लिहिलं होतं, “ती म्हणाली की दिसत नाही ते खोटं का. मी घरी जाऊन विचार करतो.” पुढच्या तासाची सुरुवात मी ते वाक्य फळ्यावर लिहून केली, कुणाचं ते न सांगता. मागच्या बाकावरून एक हात वर आला.